मुंबई ते सिंगापूर विमानाने किती अंतर आहे आणि किती वेळ लागतो?

सरळ हवाई अंतर साधारण 3,900 किलोमीटर. थेट विमान जाताना सव्वापाच-साडेपाच तास घेतं. येताना समोरून पश्चिमेचा वारा असला तर थोडं जास्त.

गोंधळ होतो तो घड्याळाचा. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. रात्री साडेअकराला मुंबई सोडलीत तर तिथे उतरताना सकाळचे सव्वासात-साडेसात, आणि आपल्या शरीराच्या हिशेबाने जेमतेम पहाटेचे पाच! त्यामुळे ट्रे समोर आला तरी मी सरळ झोपतो. तिकिटावरच्या वेळा मात्र त्या-त्या शहराच्या असतात, नुसती वजाबाकी करू नका. चेन्नई किंवा कोलंबोमार्गे स्वस्त पडतं, पण अर्धा दिवस सहज जातो.