मुलाखत झाली, निरोप नाही : विचारणा कधी आणि कशी करावी?

प्रश्न : एका कंपनीत माझ्या मुलाखतीच्या दोन फेऱ्या झाल्या. दुसऱ्या फेरीच्या शेवटी ‘आठवडाभरात कळवतो’ असे सांगण्यात आले, त्याला आता तीन आठवडे होत आले. एक मित्र म्हणतो, रोज फोन करत राहा. दुसरा म्हणतो, आपणहून विचारले की आपली गरज उघडी पडते आणि पगाराच्या बोलणीत आपली बाजू लंगडी होते. सध्याच्या नोकरीत मन रमत नाही, त्यामुळे राजीनामा देऊन मोकळे व्हावे असेही वाटते. मी काय करावे?
– एक वाचक

उत्तर : आपण विचारणा अवश्य करावी आणि ती याच आठवड्यात करावी. मुदत त्यांनीच सांगितली होती; ती उलटून गेल्यावर निर्णय कुठवर आला आहे असे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे आणि त्याने पगाराच्या बोलणीत काहीही बिघडत नाही. रोजच्या फोनने मात्र बिघडते.

अशा विलंबाची कारणे बहुधा उमेदवाराच्या कामगिरीत नसतात. इतरांच्या मुलाखती लांबतात, पगाराच्या आकड्याला वरिष्ठांची मंजुरी यायची असते, ज्यांची सही हवी ते रजेवर असतात. कधी पहिल्या पसंतीच्या उमेदवाराला ऑफर दिलेली असते आणि त्याचे उत्तर येईपर्यंत पुढच्या क्रमांकाच्या उमेदवारांना होकार किंवा नकार काहीच कळवले जात नाही, कारण त्याने नाही म्हटले तर त्यांच्याकडेच वळायचे असते. ही पद्धत मला पटत नाही. निर्णयाला वेळ लागेल, एवढे तरी कंपनीने कळवायलाच हवे.

ज्या ईमेलने मुलाखतीची वेळ कळवली होती, त्यालाच उत्तर म्हणून लिहावे, म्हणजे पद आणि तारखा वाचणाऱ्याच्या समोरच असतात. एचआरमधील व्यक्ती एकाच वेळी अनेक जागांची भरती पाहत असते. आपण कोण हे तिला शोधावे लागले, तर उत्तर मागे पडते. मजकूर इतकाच असावा : ‘नमस्कार. अमुक पदासाठी अमुक तारखेला माझी दुसरी फेरी झाली. आठवडाभरात निर्णय अपेक्षित असल्याचे आपण सांगितले होते. प्रक्रिया सध्या कोणत्या टप्प्यावर आहे आणि निर्णय साधारण कधीपर्यंत होईल, हे कळवल्यास आभारी राहीन.’ यापुढे आपली पात्रता पुन्हा सांगू नये, घरची अडचण लिहू नये आणि ‘कृपया माझा सकारात्मक विचार व्हावा’ हे वाक्य तर टाळावेच. त्या विनंतीला एचआरकडे देण्यासारखे उत्तर नसते. तारखेच्या प्रश्नाला असते.

आठवडाभर उत्तर आले नाही, तर कार्यालयीन वेळेत एकदा फोन करावा. त्यानंतर थांबावे. मुलाखत घेणाऱ्यांचा व्यक्तिगत नंबर शोधून व्हॉट्सॲपवर मेसेज करणे किंवा त्यांना फेसबुकवर गाठणे हे अतिक्रमण ठरते. दुसरीकडून खरोखरच ऑफर आली असेल, तर ‘मला अमुक तारखेपर्यंत उत्तर द्यायचे आहे’ असे स्पष्ट लिहावे. रखडलेला निर्णय अशा वेळी अनेकदा पुढे सरकतो. नसलेली ऑफर मात्र सांगू नये, कारण तिचे पत्र मागितले गेले तर हाती आलेली संधीही जाते.

पुढच्या मुलाखतीत खोलीतून उठण्यापूर्वीच विचारून ठेवावे : ‘त्या तारखेपर्यंत निरोप आला नाही, तर मी कोणाशी संपर्क साधू?’ त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आभाराच्या दोन ओळी पाठवाव्यात. तो पत्रव्यवहार सुरू असला की नंतरची विचारणा अवघड वाटत नाही.

राजीनाम्याबाबत मी आग्रहाने सांगेन की तो आत्ता देऊ नये. फोनवर कोणी ‘तुमची निवड झाली’ असे म्हटले तरीही देऊ नये. पद, पगार आणि रुजू होण्याची तारीख नमूद केलेले ऑफर लेटर हाती येऊन आपण ते लेखी स्वीकारल्यानंतरच नोटीस द्यावी. तोवर इतर ठिकाणी अर्ज करणे चालूच ठेवावे. या कंपनीच्या उत्तरासाठी एकही अर्ज रोखून धरू नये.