वाचकांचे प्रश्न : अनेक देशांचे एक यंत्र जुळते कसे?

प्रश्न : फ्रान्समधल्या आयटर या अणुसंलयन (हलकी अणुकेंद्रके जोडून ऊर्जा मिळवण्याच्या) प्रकल्पात भारताचा वाटा सुमारे ९ टक्के आहे. म्हणजे आपण तिकडे किती पैसे पाठवतो? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : रोख रक्कम त्यातला छोटा भाग. २००६ च्या करारानुसार युरोप, चीन, भारत, जपान, कोरिया, रशिया आणि अमेरिका हे सातही सदस्य आपला बहुतेक वाटा वस्तुरूपाने देतात. भारताच्या वाट्याला आलेली सर्वांत मोठी वस्तू म्हणजे क्रायोस्टॅट, म्हणजे सगळ्या यंत्राला बाहेरून वेढणारे निर्वात पात्र. सुमारे ३० मीटर उंच आणि तेवढेच रुंद, ३,८५० टनांचे हे पोलादी पात्र सुरतजवळ हजिरा येथे ५४ तुकड्यांत घडले, जहाजाने फ्रान्सला गेले आणि कादाराशच्या प्रकल्पस्थळी वेल्डिंग करून जोडले गेले.

खरी मेख हिशेबात आहे. प्रत्येक वस्तूचे मूल्य एका खास हिशेबी एककात आधीच ठरलेले असते. घडवताना खर्च वाढला तरी खात्यावर जमा होते ते ठरलेलेच मूल्य. वरचा भार ज्याचा त्याने सोसायचा. अशा करारात टक्केवारीच्या आधी हे कलम वाचावे.

प्रश्न : एकच भाग दोन देशांत वाटून का देतात? एका कारखान्याने केला तर स्वस्त पडणार नाही का? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : स्वस्त पडेल. पण तंत्र आपल्या कारखान्यांच्या हाती यावे, यासाठीच तर देश पैसा घालतात. आयटरच्या चुंबकांसाठी लागणारी नायोबियम-टिनची अतिवाहक (अतिथंड असताना विजेला रोध न करणारी) तार सहा सदस्यांनी मिळून बनवली. तारेची वाटणी जमते, कारण नमुना कापून सगळीकडे त्याच कसोटीवर तपासता येतो.

अवजड जोडकामात मात्र हीच वाटणी अंगाशी येते. आयटरच्या निर्वात कक्षाचे (ज्यात संलयन घडायचे त्या पात्राचे) नऊ भाग आहेत: पाच युरोपकडे, चार कोरियाकडे. प्रत्येक भाग सुमारे ४४० टनांचा आणि ११ मीटरहून उंच. शेजारच्या दोन भागांच्या कडा स्वयंचलित यंत्राने वेल्ड करायच्या, तर फट सगळीकडे ठरलेल्या मापात हवी. आधी आलेल्या भागांच्या कडा त्या मापात बसल्या नाहीत. शिवाय उष्णतारोधक कवचाच्या शीतनळ्यांना क्लोराइडच्या अवशेषांमुळे चिरा गेल्या. मे २०२२ मध्ये यंत्र जोडण्याच्या खड्ड्यात उतरवलेला पहिला भाग जुलै २०२३ मध्ये पुन्हा वर काढावा लागला. कडांवर कुठे धातू भरायचा, कुठे घासायचा, असे काम निघाले. आता संशोधनाची सुरुवात २०३४ मध्ये धरली आहे.

अशी वेळ टाळायची तर प्रत्येक सांध्याचा वेगळा दस्तऐवज हवा आणि त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या पहिला पत्रा कापण्याआधी व्हायला हव्यात. त्यात माप आणि मापात किती फरक चालेल ती सूट तर हवीच, पण ते माप कोणत्या तापमानाला घ्यायचे हेही हवे. स्टेनलेस स्टीलचा ११ मीटरचा तुकडा २० अंशांच्या फरकाने साडेतीन मिलिमीटरच्या आसपास वाढतो. एकाने थंडीत आणि दुसऱ्याने उन्हाळ्यात मोजले तर दोघेही बरोबर, आणि सांधा मात्र चुकलेला. मोजणीचा आरंभबिंदू एकच असावा. जहाजावर चढवण्यापूर्वी त्रिमिती मोजणी व्हावी आणि ती पुढच्या जोडणाऱ्यानेही तपासावी. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे फट भरायची वेळ आली तर ती कोणी भरायची, ते नाव आधीच लिहून ठेवावे. इथे ‘परस्पर सहमतीने’ असे लिहिलेले आढळले की तो सांधा कुणाचाच नाही, असे समजावे.

प्रश्न : औंढा नागनाथच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेसाठी यंत्रे अमेरिकेतून येणार, मग आपण करायचे काय? (एक वाचक, हिंगोली)

उत्तर : बरेच काही. २०१६ मध्ये सामंजस्य करार झाला आणि २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. शोधयंत्राचे मुख्य घटक अमेरिकेचे. जागा, इमारती आणि चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची निर्वात यंत्रणा आपली. वाटणीची रेषा इथे बरीच स्वच्छ आहे, कारण तशीच दोन यंत्रे अमेरिकेत आधीपासून चालू आहेत.

कस लागेल तो भुजांच्या निर्वात नळीत, जिच्यातून लेसरचा किरण धावतो. प्रकाशकिरण सरळ जातो, जमीन वळते: चार किलोमीटरवर हा फरक सव्वा मीटरच्या घरात. पाया त्या हिशेबाने घालावा लागतो. सुमारे सव्वा मीटर व्यासाच्या नळीचा प्रत्येक तुकडा जोडण्याआधी हीलियमने गळतीसाठी तपासायचा. आठ किलोमीटर जोडून झाल्यावर सुईएवढे छिद्र शोधणे फार जिकिरीचे. नंतर नळी तापवून पोलादावर चिकटलेले पाणी काढायचे, नाहीतर पंप कितीही चालवा, हवा ठरलेल्या पातळीपर्यंत उतरतच नाही.

प्रश्न : आमच्या विद्यापीठाला सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या एखाद्या प्रयोगात सामील व्हायचे आहे. अंदाजपत्रकात काय धरावे? (प्राध्यापक, कोल्हापूर)

उत्तर : उपकरणांपलीकडे दरवर्षीचा देखभाल-खर्च धरा. मोठ्या प्रयोगांत तो शोधनिबंधावर नाव येणाऱ्या पीएचडीधारकांच्या संख्येवर आकारतात. पीएचडी करणारे विद्यार्थी त्यात मोजत नाहीत. निबंधावर नाव येण्याआधी प्रयोगासाठी सेवाकामही करावे लागते, तेव्हा माणसाचा तेवढा वेळ वेगळा काढा. देयक स्विस फ्रँकमध्ये येते, म्हणून विनिमयदरासाठी राखीव रक्कम ठेवा. सर्नचे आर्थिक वर्ष जानेवारीत सुरू होते, आपले एप्रिलमध्ये. मंजुरीचा अर्ज ही तीन महिन्यांची तफावत धरूनच करा.