नाताळच्या सुट्टीत लेमन शॉर्टब्रेड कुकीज केल्या तर पसरतात, कडक होतात आणि कडू लागतात. काय चुकतंय?

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, म्हणजे तुमच्यावर नाही हो, माझ्यावरच. तुम्ही लिहिलंय, नागपूर, घरी ओटीजी (म्हणजे ओट्यावरचा छोटा विजेचा ओव्हन), मागच्या डिसेंबरात मुलींना घेऊन केलं, पहिला ट्रे पसरून सगळ्यांची मिळून एक पोळी झाली, दुसरा ट्रे दगड, आणि दोन्हीत लिंबाचा वास नाही पण कडवटपणा मात्र भरपूर. अगदी हेच आणि ह्याच क्रमाने माझं पुण्यात झालेलं आहे. आणि मी तर पाच वर्षं स्कॉटलंडमध्ये एडिनबराला राहून, तिथे दर डिसेंबरला शॉर्टब्रेड करून आलेली, त्यामुळे थोडा माजच होता. परत आल्यावर पहिल्याच नाताळला सोसायटीत वाटायला म्हणून करायला घेतलं आणि शेवटी तो सगळा माल मिक्सरला फिरवून पुडिंगच्या तळाशी दाबला, कुणाला कळलंसुद्धा नाही.

मग हळूहळू लक्षात आलं की रेसिपी तीच आहे पण इथे आल्यावर लिंबू बदललं, बटर बदललं आणि ओव्हन बदलला. तुमचंही बहुतेक तेच होतंय, कारण तुम्ही लिहिलंय की रेसिपी बाहेरच्या साईटवरची आहे आणि त्यात एका लेमनचा रस सांगितलाय म्हणून तुम्ही तीन लिंबांचा घातलात.

आधी रस काढून टाका. म्हणजे पिठातून, आयुष्यातून नाही, त्याचं काम पुढे आहे.

शॉर्टब्रेडचं मूळ गणित स्कॉटलंडमध्ये शेंबड्या पोराला पण पाठ असतं, एक भाग साखर, दोन भाग बटर, तीन भाग मैदा, आणि हे वजनाने, वाटीने नाही. अंडं नाही, बेकिंग पावडर नाही, दूध नाही. ह्यातलं ‘शॉर्ट’ म्हणजे आखूड नाही, खुसखुशीत. बटर पिठाच्या कणांना माखून टाकतं, त्यामुळे मैद्याला पाणी मिळत नाही आणि ग्लुटेनचे, म्हणजे मैद्यातल्या चिवट प्रथिनाचे, लांब धागे तयार होत नाहीत. आता हे वाचताना तुम्हाला काही आठवतंय का? मोहन! शंकरपाळीला आणि करंजीला आपण कडकडीत मोहन घालतो ते ह्यासाठीच, फक्त इथे मोहन गार असतं आणि इतकं असतं की पाणी घालायची वेळच येत नाही. माझी आई पहिला तुकडा खाऊन म्हणाली, अगं ही तर नानकटाई, तुला एवढ्या लांब कशाला जावं लागलं शिकायला. तिचं फारसं चूक नाही, फक्त नानकटाईत तूप असतं आणि शॉर्टब्रेडमध्ये बटर.

तर अशा पिठात लिंबाचा रस घालणं म्हणजे शंकरपाळीच्या पिठात वरून पाण्याचा तांब्या ओतण्यासारखं. पीठ ओलं होतं, मग तुम्ही सवयीने मळता, धागे तयार होतात, कुकी दगड. शिवाय रसात असतो तो आंबटपणा. लिंबाचा जो वास आपल्याला हवा असतो तो सालीच्या वरच्या थरात, त्या बारीक बारीक ठिपक्यांमध्ये तेलाच्या रूपात असतो. म्हणून पिठात फक्त साल.

आणि इथेच तुमचा कडवटपणा आला. परदेशातल्या रेसिपीतलं लेमन म्हणजे जाड सालीचं मोठं पिवळं फळ, ते किसणीवर घासताना हात थोडा जड पडला तरी निभावतं. आपलं लिंबू कागदी, नावातच सगळं आलं, साल कागदासारखी पातळ आणि त्याखाली लगेच पांढरा थर, जो कडू. तुम्ही मोठ्या किसणीवर मागे-पुढे घासलंत की साल आणि पांढरं दोन्ही एकदम येतं. मी जायफळ किसायची छोटी किसणी वापरते, एका जागी एकदाच घासायचं, लिंबू फिरवायचं, पुन्हा एकदाच. पांढरं दिसायला लागलं की ती जागा सोडायची. दोन मोठ्या पिवळ्या लेमनच्या ऐवजी आपली पाच-सहा लागतात आणि सालीचा किस जेमतेम चहाचे दोन चमचे निघतो, तेवढा पुरे. हिरव्या लिंबाचा वास जास्त तिखट असतो, पिवळ्या पिकलेल्याचा मऊ, मला अर्धे-अर्धे आवडतात. लिंबं आधी कोमट पाण्यात चोळून धुवा आणि एकदम कोरडी पुसा. ईडलिंबू मिळालं तर सोन्याहून पिवळं, जाड साल, भरपूर वास, पण हल्ली बाजारात शोधावं लागतं. आणि तुम्ही नागपूरकर, डिसेंबरात घरात संत्री असणारच, तर निम्मी साल संत्र्याची घालून बघा ना, मी पुण्यात पैसे मोजून आणून तेच करते.

आता सगळ्यात कामाची युक्ती. सालीचा किस थेट पिठात टाकायचा नाही. १०० ग्रॅम साधी दाणेदार साखर घ्या, त्यात किस घाला आणि बोटांनी चोळा, दोन-तीन मिनिटं, मुलींना द्या हे काम. साखरेचे दाणे सालीला खरवडतात आणि तेल साखरेत उतरतं, साखर ओलसर आणि पिवळट होते आणि घरभर वास सुटतो. अर्धा तास झाकून ठेवा, मग मिक्सरला फिरवून पिठीसाखर करा. थोडी गोळे गोळे होईल, होऊ दे. विकतची पिठीसाखर घेतलीत तर हा प्रकार जमत नाही कारण तिला दाणाच नाही.

बटर २०० ग्रॅम. बिनमिठाचं मिळालं तर तेच आणि त्यात चिमूटभर मीठ, नाहीतर आपलं नेहमीचं खारं पिवळं अमूल सुद्धा चालतं, मग वेगळं मीठ अजिबात नको. घरचं लोणी मात्र नको, कितीही प्रेमाने काढलेलं असलं तरी, त्यात ताक आणि पाणी राहतं आणि आपण आत्ताच पाण्याला बाहेर काढलंय. मैदा २५० ग्रॅम आणि तांदळाची पिठी ५० ग्रॅम. हो, तांदळाची पिठी! ही माझी अक्कल नाही, स्कॉटिश बायका पूर्वीपासून थोडी तांदळाची पिठी किंवा रवा घालतात, दाताखाली एक बारीक कुरकुर येते. मला हे तिथल्या शेजारीण आजींनी सांगितलं तेव्हा मी त्यांना अनारशाबद्दल सांगायला गेले आणि इंग्रजीत आंबवलेल्या तांदळाची जाळी समजावता समजावता चहा गार झाला.

ह्या आजी लेमन घालण्याच्या कट्टर विरोधात होत्या हे पण सांगून टाकते. त्यांच्या मते तीन जिन्नस सोडून चौथा आला की ते शॉर्टब्रेड नाही, बिस्कीट. तिकडे हा मुळात नाताळपेक्षा नवीन वर्षाचा खाऊ, कारण स्कॉटलंडमध्ये नाताळ साजरा करायलाच चर्चचा विरोध होता आणि २५ डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी सुद्धा १९५८ साली सुरू झाली. खरा सण ३१ डिसेंबरचा, हॉगमनी. रात्री बारा वाजून गेल्यावर घराचा उंबरा पहिल्यांदा जो ओलांडेल तो काळ्या केसांचा पुरुष असला की वर्ष चांगलं जातं असा समज, आणि त्याने हातात कोळसा, शॉर्टब्रेड, व्हिस्की असं काहीतरी आणायचं. माझ्या नवऱ्याचा त्या गल्लीत ह्या एका रात्री फार भाव होता. कुडकुडत तीन घरं करून यायचा, हातात माझ्याच शॉर्टब्रेडचा डबा, आणि येताना तो डबा दुसऱ्याच कुणाच्या शॉर्टब्रेडने भरलेला, म्हणजे आपल्या दिवाळीच्या फराळाच्या ताटांसारखंच. (आणि तुमच्या गावचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं आहे ते स्टीफन हिस्लॉप पण स्कॉटिशच, उगाच आठवलं.)

बरं, कृती. बटर फ्रीजमधून काढून बोटाने दाबलं तर खड्डा पडेल इतपतच मऊ होऊ द्या, तेलकट चकचकीत दिसायला लागलं म्हणजे उशीर झाला, परत फ्रीजमध्ये. नागपुरात डिसेंबरात हे सोपं आहे, मुंबईवाल्यांनी पंखा लावूनच बसावं. बटर आणि ती लिंबाची साखर लाकडी चमच्याने एकत्र करा, नुसतं मिसळेपर्यंत. बीटर लावून केकसारखं पांढरं फेसाळ केलंत तर त्यात हवा भरते आणि कुकी ओव्हनमध्ये आधी फुगते मग पसरते, माझी पहिली पोळी अशीच झाली होती. मग मैदा आणि पिठी चाळून घाला आणि बोटांच्या टोकांनी भुगा करा, तळव्याने नाही, तळवा गरम असतो. थोड्या वेळाने मुठीत दाबून बघा, मुटका वळला पाहिजे, बरोबर करंजीच्या मोहनाची परीक्षा. वळला की सगळं गोळा करा आणि थांबा. मळायचं नाही! हात शिवशिवतील, मला माहितीये, कणीक मळायची सवय असते, पण नाही. एकदम कोरडं वाटलं आणि मुटका वळतच नसेल तर अर्धा मिनिट अजून दाबत राहा, पाणी किंवा दूध घालू नका, बटर सुटेल तसं येतं.

दोन बटर पेपरच्या मध्ये ठेवून साधारण ८ मिलीमीटर जाड लाटा, शंकरपाळीपेक्षा जाड. तशीच्या तशी पोळी ताटात ठेवून फ्रीजमध्ये पाऊण तास. घट्ट झाल्यावर मग कापा, शंकरपाळीचं कातणं चालवा मस्त नक्षी येते, किंवा वाटीने गोल पाडा. काट्याने तीन-तीन टोचे मारा, आरपार, वाफ बाहेर पडते आणि मधे फुगत नाही. हे टोचायचं काम पण मुलींचं. कापलेल्या कुकीज ट्रेमध्ये मांडून परत दहा मिनिटं फ्रीजमध्ये. एवढ्या मापात तीसेक होतात.

पसरण्याचं दुसरं आणि खरं मोठं कारण ओव्हन. गार कुकी गरम ओव्हनमध्ये गेली पाहिजे. उलटं झालं, म्हणजे ओव्हन अजून कोमट असतानाच ट्रे आत, तर बटर आधी वितळतं आणि पीठ नंतर सेट होतं, तोवर पोळी झालेली असते. लाल दिवा गेला म्हणजे गरम झाला असं धरू नका, १६० डिग्रीवर लावून पंधरा मिनिटं तरी जाऊ द्या. आणि शक्य असेल तर आत ठेवायचा ओव्हन थर्मामीटर आणा, माझा ओटीजी १६० वर लावला की आत १८५ असायचे, तीन महिने मी स्वतःलाच दोष देत होते. ट्रे मधल्या कप्प्यात, वरची-खालची दोन्ही कॉईल, १८ ते २० मिनिटं. वरून जवळजवळ पांढऱ्याच राहिल्या पाहिजेत, फक्त कडेला फिक्का बिस्किटी रंग. नानकटाईसारख्या गुलाबी होण्याची वाट बघितलीत तर लिंबाचा वास गेला. बाहेर काढल्यावर मऊ लागतील आणि तुम्ही म्हणाल कच्च्या राहिल्या, तर नाही, दहा मिनिटं ट्रेमध्येच राहू द्या, हात लावला की मोडतात, गार झाल्यावर घट्ट होतात. दुसरी खेप गरम ट्रेवर मांडू नका, ट्रे नळाखाली धरून गार करून पुसून मग, नाहीतर पुन्हा पोळी.

आता तो रस. कुकीज पूर्ण गार झाल्यावर १०० ग्रॅम पिठीसाखरेत चहाचे तीन ते चार चमचे लिंबाचा रस घाला, एक-एक चमचा करत, मधासारखं दाट झालं की थांबा, आणि हे ग्लेझ कुकीच्या अर्ध्या भागावर लावा. तास-दोन तासात सुकतं. आंबटपणा इथून येतो आणि वास आतून. सगळ्यांना लावू नका, कारण ग्लेझवाल्या चार-पाच दिवसांत मऊ पडतात, बिनग्लेझच्या घट्ट झाकणाच्या डब्यात दोन आठवडे आरामात टिकतात आणि खरं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त छान लागतात.

तुम्ही विचारलंय किती आधी करून ठेवू. पीठ आत्ताच करून ठेवा हवं तर, लाटून कापून बटर पेपर मधे घालत डब्यात भरा आणि फ्रीझरला टाका, महिनाभर काही होत नाही, थेट फ्रीझरमधून ओव्हनमध्ये जातात, फक्त दोन-तीन मिनिटं जास्त. भाजायच्या २१-२२ डिसेंबरला आणि ग्लेझ २४ च्या दुपारी. आणि पहिल्या दिवशी सगळ्या तीस नका भाजू, दोनच ठेवून बघा, प्रत्येक ओटीजीचा स्वभाव वेगळा असतो आणि दोन वाया गेल्या तर चहात बुडवून खाता येतात.