‘आदिवासींच्या मते’ हे शब्द खोड

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री अकराला आला, नंतर झोप लागली नाही. वर्गात पावरी, म्हणजे तुमची पावरा आदिवासींची बोली, बोलू नका, दर्जा घसरतो, असं विभागप्रमुख म्हणाले. आणि त्याच आठवड्यात त्यांनीच तुला भारतीय ज्ञान परंपरेच्या पेपरसाठी ‘आदिवासी ज्ञान’ असं एक युनिट लिहून आणायला सांगितलं. हसू की रडू, असं विचारतोस. मी दोन्ही करून बघितलं.

बोलण्याचं आधी उरकतो. पावरीत बोल. 2011च्या जनगणनेप्रमाणे नंदुरबार जिल्ह्यात शंभरात 69 माणसं आदिवासी, तुझ्या वर्गात त्याहून जास्तच असतील. पानिपत शिकवताना दोन वाक्यं पावरीत आली म्हणून पानिपत बदलत नाही. सरांना हेही सांग (किंवा नको सांगूस, तू अजून तासिका तत्त्वावर आहेस) की ते घरी जी अहिराणी बोलतात, ती ग्रिअर्सन या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1907 साली भारताच्या भाषा-सर्वेक्षणात भिली भाषांच्याच खंडात बसवली होती. मीही अहिराणीच बोलणारा. पुण्याला एम.ए.ला गेलो तेव्हा तोंड उघडलं की पोरं हसायची. सहा महिन्यांत मी माझी भाषा गिळली, आणि पुढं 31 वर्षं तुम्हा पोरांना तुमची गिळायला लावली. सासुरवास सोसलेली सून सासू झाली की करते तसंच.

आता युनिट. तुझा कच्चा मसुदा वाचला आणि खरं सांगतो, चिडलो. ‘आदिवासींच्या मते’, ‘आदिवासी समाजात असे मानले जाते’. दोन पानांत नऊ वेळा! अरे, कोणत्या आदिवासीच्या मते? कुठल्या पाड्यावरच्या? इंदलच्या पूजेच्या रात्री तुमच्या बडव्याने, पुजाऱ्याने, सांगितलं ना तुला? मग त्याचं नाव लिही. वि. का. राजवाड्यांचं मत म्हटलं की तू ग्रंथ देतोस, पान देतोस. आणि ज्याच्या शेजारी बसून रात्रभर ऐकलंस, तो माणूस ‘आदिवासींच्या मते’मध्ये विरघळून गेला. एकाला डोकं आहे आणि दुसऱ्याला नुसती जमात आहे, असा त्याचा अर्थ होतो. ही सवय साहेबाची. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्यात माणसाने काय केलं हे बघायची गरजच नव्हती, कुठल्या जमातीत जन्मला हे कळलं की काम झालं. कायदा गेला, आपल्या वाक्यांत त्याची खोड राहिली. तू स्वतः पावरा असून ती तुला लागली, कारण आम्हीच तुला लिहायला शिकवलं.

तेव्हा नाव लिही. विचारून लिही. कोणी नको म्हटलं तर ‘सांगणाऱ्याने नाव देऊ नये असे सांगितले’ एवढं लिही, म्हणजे तिथं माणूस होता हे तरी कळेल. काही गोष्टी बाहेर सांगायच्याच नसतात. तिथं वही मिट, युनिट अर्ध्या पानाने कमी भरलं तर भरू दे.

मी हे का घोकतोय, ते सांगतो. तू शाळेतही नव्हतास तेव्हाची गोष्ट. परीक्षेत 1857वर प्रश्न होता. नर्मदाकाठच्या एका मुलाने झाशी-कानपूर दोन ओळींत संपवलं आणि इंग्रजांविरुद्ध उठलेल्या भिल्लांच्या खाज्या नाईकावर दीड पान लिहिलं. आंबापाणीची लढाई, डोंगरात पांगलेले भिल्ल, मागून आलेली फौज. खाली लिहिलं होतं, हे माझ्या आजीने सांगितले, आणि पुढं आजीचं पूर्ण नाव. मी त्या नावावर लाल रेघ मारली, समासात ‘संदर्भ?’ असं लिहिलं आणि दहापैकी तीन गुण दिले. पोरगा भांडला नाही. पुढं कितीतरी वर्षांनी 1880चं खानदेश गॅझेटियर चाळताना आंबापाणी भेटलं, एप्रिल 1858. साहेबाने लिहिलेलं होतं, म्हणून मी लगेच विश्वास ठेवला. तीच लढाई!

तू म्हणशील, सर, तेव्हाच का नाही सुधारलात? वर्गात 120 पोरं होती, पेपर तपासायला आठ दिवस, आणि विद्यापीठाची आदर्श उत्तरपत्रिका समोर. ही कारणं आहेत, सबबी नाहीत. बरं, थोड्या सबबीही आहेत. संविधान सभा तर मी दरवर्षी शिकवली. आदिवासींना लोकशाही शिकवू नका, ती त्यांच्याकडून शिका, असं डिसेंबर 1946मध्ये त्याच सभागृहात बजावणाऱ्या आदिवासी नेत्याचं, जयपालसिंह मुंडांचं नाव मात्र फळ्यावर एकदाही लिहिलं नाही. अभ्यासक्रमात नव्हतं, असं मी म्हणायचो. फळा तर माझ्याच हातात होता.

युनिट असं कर. पोरं होळीआधी भोंगऱ्याच्या बाजाराला घरी जातात तेव्हा आपण हजेरी मारून मोकळे होतो. त्याऐवजी त्याच आठवड्याचं काम दे. घरच्या किंवा पाड्यावरच्या कुणाकडून एक गोष्ट ऐकून आणायची. बियाण्याची, वाटेची, भांडणाची, कसलीही. सांगितली त्या भाषेत देवनागरीत लिहायची, खाली मराठी. वर सांगणाऱ्याचं नाव, गाव, तारीख. नाव नसेल तर वही परत. अंतर्गत गुण यालाच दे, नाहीतर पोरं शिक्षकदिनाच्या भाषणासारखं काहीतरी उतरवून आणतील. आणि संदर्भसूचीत ही नावं राजवाड्यांच्या शेजारी, एकाच यादीत. ‘मौखिक साधने’ असं वेगळं खोपटं बांधून त्यात कोंबू नकोस. सर अडवतील. अडवू देत, तू वाद न घालता यादी तशीच पुन्हा टाईप करून दे.

एक काम आहे तुझ्याकडे. आजीचं नाव लिहिणाऱ्या त्या मुलाचं गाव अक्राणी तालुक्यातलं होतं, सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्राची जी 33 गावं गेली त्यांतलं. लोक पुढं तळोदा-शहाद्याकडच्या वसाहतींत आले. तुझे नातेवाईक त्या बाजूला आहेत. मुलाचं नाव, गावाचं नाव वेगळ्या चिठ्ठीत पाठवतो, जमलं तर चौकशी कर. मला त्याच्या आजीचं नाव हवं आहे. गॅझेटियरचं ते पान माझ्याकडे आहे, समासात जागाही आहे. रेघ मारलेली आठवते रे, रेघेखालचं नाव आठवत नाही.

तुझा,
सर