जीभ सोलवटलीय? आधी गिरणी बघा

ताई, गहू सोडून दोन महिने झाले तरी जीभ लालभडक, साधं वरणही झोंबतं म्हणता. माझंही असंच होतं. सिलिअ‍ॅकमध्ये, म्हणजे गव्हाने आतड्याला इजा होते त्या आजारात, आतड्याला लोह, फॉलिक अ‍ॅसिड, बी१२ नीट शोषता येत नाही, आणि ते जिभेवर दिसतं. डॉक्टरांना सांगून तिन्ही तपासून घ्या. मनाने गोळ्या नकोत.

मग गिरणी. आपण कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी खातो म्हणून निर्धास्त असतो. पण ज्वारी-उडीद गव्हाच्या मागोमाग दळले की संपलं! गिरणीच्या तोंडाला बांधलेलं कापड मी एकदा झटकलं, तर ओंजळभर गव्हाचं पीठ पडलं. त्याच आठवड्यात घरगुती चक्की आणली. डबीतल्या हिंगाचंही लेबल वाचा, त्यात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं.

तोंड बरं होईस्तोवर शेवभाजी नि ठेचा बंद. बिनमिरचीचं भरीत म्हणजे आपल्याकडे पापच, पण मी महिनाभर तेच खाल्लं, भाकरी त्यात चुरून. सोबत पिकलं केळं. फेसाळ टूथपेस्टही बदलून पाहा. एकच फोड तीन आठवड्यांत भरला नाही, तर मात्र दाखवाच.