वरची बाल्कनी की खालचा बाजार?

प्रश्न : डोंगरातल्या, तळ्याकाठच्या एका गावी आम्ही चार रात्री राहायला जातोय. मी, नवरा, सात वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. सासूबाईंचे गुडघे दुखतात. बाजाराजवळ एक साधं हॉटेल मिळतंय, आणि वर टेकडीवर एक सुंदर हॉटेल आहे, बाल्कनीतून अख्खं तळं दिसतं, भाडंही साधारण तेवढंच. नवरा म्हणतो एवढं लांब जाऊन समोरची भिंत बघत बसायचं का? काय करावं?
– एक वाचक

उत्तर : ताई, मिस्टरांचं म्हणणं कळतं मला, पण मी तुमच्या जागी असते तर खालचंच घेतलं असतं, आणि ते सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी. टेकडीवर राहिलं की माणूस सकाळी एकदा उतरतो तो रात्रीच परत चढतो, दुपारी जरा आडवं व्हायला रूमवर जाऊ म्हटलं तर जमत नाही, मुलाचा स्वेटर राहिला तरी कुणीतरी सगळा चढ चढून जायचं. आम्ही एकदा आईला घेऊन असंच वरचं घर घेतलं होतं. फोटोत बाल्कनी होती, रस्त्यापासून दारापर्यंतच्या पायऱ्या फोटोत नव्हत्या. आई तीन दिवस त्या बाल्कनीतच बसून होती आणि आम्ही खाली पाण्याकाठी फिरतोय ते तिला वरून दिसत होतं. मला ते अजून लागतं.

त्यामुळे कुठलंही बुक करायच्या आधी सरळ फोन करून विचारा की गाडी नेमकी कुठपर्यंत येते आणि तिथून रूमच्या दारापर्यंत पायऱ्या किती. लिफ्ट आहे म्हणाले तर ती कुठून सुरू होते तेही विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी लिफ्टपर्यंत पोचायलाच दहा-बारा पायऱ्या असतात. ‘बाजारापासून पाच मिनिटं’ यावर जाऊ नका, परत येतानाची पाच मिनिटं चढाची असतात. काही गावांत तर गाडीच आत जात नाही, स्वित्झर्लंडच्या झर्माटला पेट्रोल-डिझेलच्या गाड्या बंद आहेत, आपली गाडी खाली टॅश गावात लावून पुढे ट्रेनने जावं लागतं. इटलीतल्या बेलाजिओच्या जुन्या भागात कितीतरी गल्ल्या म्हणजे पायऱ्याच आहेत, तिथे चाकांची बॅगसुद्धा उचलूनच न्यावी लागते.

आता उन्हाचं सांगते, कारण हे कुणी बघतच नाही. दरीतल्या गावात हिवाळ्यात सूर्य डोंगराआडून उशिरा वर येतो आणि लवकर जातो. नॉर्वेत र्यूकान नावाचं गाव आहे, तिथे सप्टेंबरअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत थेट ऊनच पोचत नाही, म्हणून 2013 मध्ये त्यांनी डोंगरावर मोठे आरसे बसवून चौकात ऊन पाडलं! तुमच्या गावाचं इतकं टोकाचं नसेल, पण थंडीत जात असाल तर रूमची खिडकी कुठल्या दिशेला आहे ते विचाराच. आपल्या उत्तर गोलार्धात दक्षिणेकडची खिडकी असेल तर दिवसभर ऊन येतं, आणि म्हाताऱ्या माणसांना ते फार बरं वाटतं. उत्तर उतारावरची रूम कितीही छान दिसली तरी गारठलेली असते. एक गोष्ट मात्र वरच्या हॉटेलच्या बाजूने आहे, ती पण सांगायला हवी. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री थंड हवा उतारावरून खाली येऊन दरीच्या तळाशी साचते, म्हणजे पहाटे तळ्याकाठी जास्त गारठा आणि धुकं, आणि थोडं वर त्यापेक्षा ऊबदार. खालचं घेतलंत तर हीटर आहे का आणि तो रात्रभर चालू ठेवतात का हे पक्कं करून घ्या.

आणि व्ह्यूसाठी मिस्टरांना सांगा की एक दिवस पहाटे टॅक्सी करून सगळेच वर जाऊ. डोंगरात सकाळीच स्वच्छ दिसतं, दुपारनंतर बऱ्याचदा ढग चढतात, तेव्हा बाल्कनी असली तरी समोर पांढरंच दिसणार.

प्रश्न : आम्ही दोघंच आहोत, पाच दिवसांत तळ्याकाठची तीन-चार गावं बघायचीत. रोज नव्या गावात राहावं का?
– एक वाचक

उत्तर : नको, रोज चेक-आउट, सामान बांधणं, नवीन रूमची वाट बघणं, यात अर्धा अर्धा दिवस जातो. ज्या गावातून बोट आणि ट्रेन दोन्ही मिळतात तिथे मुक्काम करा आणि बाकीची गावं बोटीने करा. कोमो तळ्याचंच घ्या, नाव बेलाजिओचं जास्त पण तिथे रेल्वे नाही, समोरच्या काठावर वारेनाला स्टेशन आहे आणि मधे बोटी चालतात. संध्याकाळची शेवटची बोट किती वाजता आहे ते आधी बघून ठेवा, सीझन संपला की ती लवकर सुटते, आणि जेवायला पलीकडच्या काठावर थांबायचं असेल तर मुक्कामाचं गाव त्या वेळेवरच ठरवा.