'कोमट ख्रिस्ती' म्हणजे नेमकं कोण?

एका वाचक बहिणीचा प्रश्न आहे. प्रार्थनासभेत साक्ष द्यायची म्हणून त्यांनी चार ओळी लिहून काढल्या. पहिली ओळ अशी: "गेली कित्येक वर्षं मी कोमट ख्रिस्ती आहे." पुढे त्यांनी लिहिलं आहे की प्रार्थनेला बसलं की मन भरकटतं. राग आवरायचा ठरवतात आणि दुसऱ्याच दिवशी तोंडून कठोर शब्द जातो. एखाद्याला क्षमा करतात आणि रात्री अंथरुणावर तोच हिशेब पुन्हा मांडून बसतात. हे वाचून दाखवल्यावर एकजण म्हणाले, 'कोमट' हा तर मराठीत चांगला शब्द, तान्ह्या बाळालाही कोमट पाणी चालतं, तो दूषण म्हणून कसा वापरायचा? दुसऱ्या एकीने सुचवलं, सरळ 'ढोंगी' लिहा. बहिणींना विचारायचं आहे की योग्य शब्द कोणता.

माझ्या मते दोन्ही नाहीत. पण का नाहीत हे पाहताना या शब्दांनी मला बरंच शिकवलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या गृहस्थांचं निरीक्षण बरोबर आहे. मराठीत कोमट ही सोसवण्याची पातळी आहे. गुळण्यांना, दुखऱ्या अंगाला, लहान मुलाला जे पाणी चटका न देता ऊब देतं ते कोमट. संस्कृतातही या कल्पनेकडे उष्णतेच्याच बाजूनं पाहिलेलं आहे. तिथे कोष्ण, कवोष्ण, कदुष्ण असे शब्द आहेत आणि पाणिनीने त्यांची घडण सांगितली आहे. त्यांतला 'कु' हा 'थोडंसं' या अर्थाचा. हाच 'कु' कुकर्मात वाईटपणा दाखवतो आणि कोष्णात नुसता कमीपणा. म्हणजे कोष्ण म्हणजे 'उष्ण, पण बेताचं'. यात निंदा नाही.

मग दूषण आलं कुठून? ते आलं बायबलच्या शेवटच्या पुस्तकातून, प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायातून, लावदिकिया या गावच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, लिहिलेल्या पत्रातून. तिथे तीन ग्रीक शब्द आहेत: प्सुख्रॉस, झेस्टॉस आणि ख्लिआरॉस. आपल्या प्रचलित भाषांतरात त्यांना शीत, उष्ण आणि कोमट म्हटलं आहे. तू शीत किंवा उष्ण असतास तर बरं होतं, पण तू कोमट आहेस, म्हणून मी तुला तोंडातून ओकून टाकणार आहे, असं ते वचन सांगतं.

इथे मराठी वाचक दोनदा अडखळतो. एकदा 'कोमट'वर आणि एकदा 'शीत'वर. थंड असणं बरं कसं? आपल्याकडे थंड माणूस म्हणजे ज्याला कशाचं काही वाटत नाही असा. जुन्या व्याख्यानांत उष्ण म्हणजे आवेशी विश्वासू आणि शीत म्हणजे विश्वास नसलेला, असा अर्थ लावत. मग अविश्वासी असतास तर बरं होतं, असं प्रभू म्हणाला का, या प्रश्नावर बराच खल करावा लागे. अलीकडचे अनेक अभ्यासक त्या गावाच्या पाण्याकडे बोट दाखवतात. लावदिकियाच्या उत्तरेला साधारण १० किलोमीटरवर हियरापलीस होतं, तिथले गरम पाण्याचे झरे आजही वाहतात. दुसरीकडे कलस्सै होतं, थंड ताज्या पाण्याचं. लावदिकियाला मात्र पाणी नळांतून आणावं लागे. त्या दगडी नळांचे अवशेष आजच्या तुर्कस्तानात सापडले आहेत आणि त्यांत चुन्याचे जाड थर साचलेले दिसतात. गरम पाणी अंग शेकतं, थंड पाणी तहान भागवतं. दोन्ही उपयोगाची आहेत. ना हे ना ते असलेलं, क्षारांनी जड झालेलं पाणी तोंडात धरवत नाही.

मला हा अर्थ पटतो, आणि म्हणून भाषांतरकारांनी 'थंड' टाळून 'शीत' निवडला याचं समाधान वाटतं. थंडपणा हा दोष असतो. शीतलता हा गुण असतो. मराठी कानाला हा फरक लगेच कळतो.

राहिला 'कोमट'. आपल्याला कोमट पाण्याचा आणखी एक उपयोग माहीत आहे, वांती करवण्याचा. मीठ घातलेलं कोमट पाणी पोटभर प्यायलं की मळमळायला लागतं. पत्रातलं ग्रीक क्रियापदही ओकण्याचंच आहे, थुंकण्याचं नव्हे. म्हणजे बाळाच्या अंघोळीचं कोमट पाणी मनात न आणता हे पोट ढवळणारं पाणी आणलं की शब्द चपखल बसतो. आणि 'टाकणार आहे' हा क्रियापदाचा आकारही जपून वाचावा. मुळातलं 'मेल्लो' म्हणजे करण्याच्या बेतात असणं. अजून केलेलं नाही. पुढच्या चारच ओळींत तोच प्रभू दाराशी उभा राहून ठोठावतो आहे, आणि ते दार याच कोमट मंडळीचं आहे. तेवढं वचन वेगळं काढून आपण चित्रांखाली लिहितो, तेव्हा हे विसरायला होतं.

आता मूळ मुद्दा. त्या मंडळीचा दोष कमी तापमान हा नव्हता. दोष काय होता हे पुढचं वचन सांगतं. मी श्रीमंत आहे, मला काही उणं नाही, असं ती म्हणत होती. आणि आपण दीन, आंधळे, उघडे आहोत हे तिला कळत नव्हतं. हे गावच तसं स्वयंपूर्ण होतं. इ.स. ६० मध्ये तिथे भूकंप झाला, तेव्हा रोमकडून काही मदत न घेता लावदिकियाने स्वतःला पुन्हा उभं केलं, अशी नोंद टॅसिटस या रोमन इतिहासकाराने करून ठेवली आहे. नगर म्हणून ही अभिमानाची गोष्ट. पण तीच वृत्ती प्रार्थनेत शिरली की माणूस मागायचंच विसरतो. 'आपलं बरं चाललंय' हे मराठीतलं रोजचं वाक्य त्या मंडळीच्या तोंडी अगदी शोभलं असतं.

या वृत्तीला मराठीत नेमका शब्द आहे, अनास्था. आणि तिच्यावरचा उपाय त्याच पत्राच्या एकोणिसाव्या वचनात दिला आहे: आस्था बाळग. हिंदीत आस्था म्हणजे श्रद्धा, पण मराठीत आस्था म्हणजे मनापासूनची काळजी. आपण आस्थेनं विचारपूस करतो, आस्थेनं एखादं काम शेवटाला नेतो. ज्याला आस्था आहे त्याला काहीतरी उणं दिसत असतं, म्हणून तो उठतो. मला हा शब्द त्या पत्राचं हृदय वाटतो.

'ढोंगी'बद्दल थोडक्यात. त्यामागचा ग्रीक शब्द रंगभूमीवरच्या नटाचा आहे. ढोंगात प्रेक्षक लागतात आणि आत एक, बाहेर एक याची जाणीवही लागते. जी बाई आपलं मन भरकटतं हे चारचौघांत सांगायला निघाली आहे, तिला हा शब्द लावणं अन्याय आहे.

मग तिला काय म्हणायचं? प्रभूनेच तो शब्द दिला आहे. त्याला धरून नेलं त्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने तिघा शिष्यांना जागं राहायला सांगितलं आणि ते झोपी गेले. तेव्हा तो म्हणाला, आत्मा उत्सुक आहे खरा, तरी देह अशक्त आहे. त्या रात्री त्याने त्यांना कोमट म्हटलं नाही. अशक्त म्हटलं. दुखणेकऱ्याला म्हणतात तोच हा शब्द. अशक्त माणसाला धाप लागते, त्याला भिंत धरावी लागते, पण त्याला कुठेतरी जायचं असतं.

त्या तिघांतल्या पेत्राकडे पाहावं. त्याच रात्री तो विस्तवाशी शेकत उभा राहिला आणि मी येशूला ओळखत नाही असं तीनदा म्हणून बसला. नंतर बाहेर जाऊन मोठ्या दुःखाने रडला. योहानाच्या शुभवर्तमानात त्या विस्तवासाठी 'अँथ्राकिया' म्हणजे कोळशाचा विस्तव असा शब्द येतो. संपूर्ण नव्या करारात तो दोनच ठिकाणी आहे. एकदा तिथे, आणि दुसऱ्यांदा पुनरुत्थानानंतर सरोवराकाठी, जिथे प्रभूने भाजलेली मासळी ठेवून पेत्राला तीनदा विचारलं की माझ्यावर प्रीती करतोस का. पहिल्या विस्तवाशी पेत्राचं अंग शेकलं आणि विश्वास गारठला. दुसऱ्या विस्तवाशी त्याला कुणी त्या रात्रीबद्दल बोललं नाही, प्रभूने आपला कळप, म्हणजे आपली माणसं, मात्र त्याच्यावर सोपवला. हे दोन उतारे मी जेव्हा एकापाठोपाठ वाचतो तेव्हा प्रत्येक वेळी थांबावं लागतं.

आता थोडं आडवाटेला जातो, कारण 'उत्सुक' हा शब्द मला खटकत आला आहे. बागेतल्या वचनात 'उत्सुक' आहे तो ठीक. मुळात 'तयार, राजी' असा शब्द आहे. पण रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायातही 'आत्म्यात उत्सुक असा' असं येतं, आणि तिथलं ग्रीक क्रियापद वेगळं आहे. ते आहे उकळण्याचं, ज्याच्यापासून लावदिकियाच्या पत्रातला 'झेस्टॉस' झाला तेच. ग्रीक वाचणाऱ्याला दोन्ही जागी एकच वाफ दिसते. मराठी वाचणाऱ्याला एकीकडे 'उष्ण' दिसतो, दुसरीकडे 'उत्सुक', आणि धागा तुटतो. आजच्या मराठीत तर निकालासाठी किंवा बातमीसाठीही लोक उत्सुक असतात. अर्थात भाषांतरकारांची अडचणही खरी होती. मराठीत तापणं, उकळणं, भडकणं हे सगळं रागाकडे जातं. 'आत्म्यात उकळत राहा' असं लिहिलं असतं तर मंडळीत भांडत राहा असाच अर्थ निघाला असता. आपल्याकडे प्रेमाच्या उष्णतेला वेगळे शब्द आहेत: आच, ऊब, धग, आणि मनापासूनच्या काळजीला कळकळ, तळमळ. मला स्वतःला इथे 'चेतणे' सुचतो. विस्तव चेततो आणि माणूसही चेततो, दोन्हींत जाग येणं आहे. 'आत्म्याने चेतलेले राहा.' कुणाला याहून बरा शब्द सुचला तर आनंदाने घेईन.

बहिणींच्या कामाचा आणखी एक शब्द आहे, मिणमिणती. जुन्या करारातल्या यशयाच्या बेचाळिसाव्या अध्यायात देवाच्या सेवकाबद्दल म्हटलं आहे की तो चेपलेला बोरू मोडणार नाही, मिणमिणती वात विझवणार नाही. मत्तयाने हे वचन प्रभूला लावलं आहे. मत्तयाच्या ग्रीकमध्ये ती वात धुमसणारी आहे, धूर सोडणारी. यशयाच्या हिब्रूत ती मंद आहे. मराठीने हिब्रूची बाजू घेतली आणि भाषांतरातला एक सुंदर शब्द आपल्या पदरात पडला. मिणमिणत्या वातीचा उजेड कोमट पाण्याच्या उबेपेक्षा कमीच असेल, पण ती जळते आहे. तेल संपत आल्याचं तिच्याकडे पाहूनच कळतं. ती लपवत नाही.

तापमानावरून म्हणूनच काही ठरत नाही. निवत चाललेलं पाणी आणि तापत आलेलं पाणी एका क्षणी सारखंच कोमट लागतं. हात घालून पाहणाऱ्याला फरक कळणार नाही. फरक आहे तो खाली विस्तव आहे की नाही याचा. म्हणून दुसऱ्या कुणाला 'कोमट ख्रिस्ती' म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही असं मला वाटतं. पत्रातही तो शब्द मंडळीच्या दूताला उद्देशून आहे, कुणा एका शेजाऱ्याला नव्हे, आणि तो उच्चारणारा हृदय पारखणारा आहे.

मात्र 'अशक्त' शब्दाचीही उशी होऊ शकते, हे सांगितलंच पाहिजे. 'देह अशक्त आहे' हे वाक्य आपण अर्ध्यावर तोडून वापरतो. चुकलं की म्हणतो, माणूसच आहे मी. मीही कितीदा म्हटलं आहे. बागेतलं पूर्ण वाक्य 'जागे राहा आणि प्रार्थना करा' असं सुरू होतं आणि अशक्तपणा हे त्याचं कारण म्हणून येतं. देह अशक्त आहे म्हणून जागे राहा. आपण त्याचं 'देह अशक्त आहे म्हणून झोपू द्या' असं करतो, आणि तिथे अशक्ताचा कोमट व्हायला सुरुवात होते. प्रेषित पौलालाही प्रभूकडून उत्तर मिळालं ते अशक्तपणात शक्ती पूर्णतेस येते असं. पण त्याआधी त्याने आपल्या देहातला काटा, म्हणजे त्याला सलणारी पीडा, निघावी म्हणून तीनदा विनंती केली होती. त्याला उणं दिसत होतं आणि ते त्याने मागितलं.

बहिणींच्या चार ओळींत मला हेच मागणं दिसलं. मन भरकटतं हे त्यांना कळतं आणि सलतं. 'कोमट'च्या वाक्यात 'हे तुला कळत नाही' हा भाग अत्यावश्यक आहे आणि तोच इथे लागू होत नाही. तेव्हा माझी सूचना एवढीच: 'ढोंगी' लिहू नका, 'कोमट'ही खोडा. पहिली ओळ अशी करून पाहा, पुढच्या तीन ओळी आहेत तशाच राहू द्या: "गेली कित्येक वर्षं मी अशक्त आहे, आणि रोज पुन्हा त्याच्याकडे जाते."